समासातल्या जमा-नावेच्या खुणा

पत्राचा सारांश : "मी ६४ वर्षांची असून बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहे आणि कोथरूडला राहते. आम्हा आठ मैत्रिणींची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकीच्या घरी जमायचे आणि जिची पाळी असेल तिने नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकावर व नुकत्याच पाहिलेल्या एका चित्रपटावर दहा-दहा मिनिटे बोलायचे, असा आमचा नियम आहे. या वेळी पाळी माझी आहे. पुस्तक म्हणून मी 'कोसला' घेतले. ते आजवर वाचलेले नाही हे सांगण्याची लाज वाटत होती, म्हणून मुद्दाम घेतले. निम्म्यावर आले आणि पुढे जाववेना. कंटाळा आला, रागही आला. गेल्या बैठकीत विषय निघाला तेव्हा 'भाषेचा प्रयोग विलक्षण आहे' असे म्हणून मी वेळ मारून नेली. चित्रपट आहे 'उंबरठा'. १९८२ साली तो कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर पाहिला होता आणि शेवटी सुलभा घर सोडते तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. या खेपेस मुलीबरोबर घरी टीव्हीवर पाहिला आणि मला रडू आले ते सुलभाच्या जावेसाठी. सुलभा तर स्वार्थीच वाटली. मुलगी म्हणाली, 'आई, तू किती मागे गेलीस गं!' मी खरेच मागे गेले आहे का? माझ्यात साहित्य समजण्याची कुवतच नाही का? भिशीत मी काय बोलू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. वर दिलेल्या सारांशात त्यातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. एक म्हणजे पत्राच्या पाठीमागे 'ता. क.' म्हणून तुम्ही लिहिलेला मजकूर आणि दुसरी, तिसऱ्या पानावरची एक ओळ, जी तुम्ही खोडली आहे, पण शाई फिकी असल्यामुळे वाचता येते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला या दोन ठिकाणीच सापडली, त्यामुळे आधी त्यांच्याकडे जाऊ आणि भिशीचे नंतर पाहू.

तत्पूर्वी त्या 'भाषेचा प्रयोग विलक्षण आहे' या वाक्याविषयी. तुम्ही खोटे बोललात म्हणून स्वतःला दोष देता आहात, पण ते वाक्य खोटे नाही, फक्त ते कोणाचेच नाही. आपल्या पुण्यात अशी बरीच वाक्ये वर्षानुवर्षे चलनात आहेत. पुस्तक 'अंतर्मुख करते', चित्रपट 'हृदयाला भिडतो', लेखक 'वास्तवाचे विदारक दर्शन' घडवतो आणि दिग्दर्शक 'वेगळ्या उंचीवर' नेतो. मी स्वतःही या सदरात ही नाणी वापरलेली आहेत आणि जुनी कात्रणे चाळताना त्याचा संकोच वाटतो. एक साधी परीक्षा मी अलीकडे करू लागलो आहे. लिहिलेले वाक्य तसेच उचलून दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चिकटवून पाहतो. ते तिथेही बेमालूम बसले, तर या पुस्तकाविषयी आपण अजून काहीच बोललेलो नाही असे समजतो. तुमचे ते वाक्य किमान शंभर पुस्तकांना बसेल.

आता ता. क. तुम्ही लिहिता की 'कोसला' वाचताना जिथे जिथे पैशाचा उल्लेख येतो तिथे तिथे तुम्ही नकळत समासात पेन्सिलीने 'ज' आणि 'ना' अशा खुणा करत गेलात. वडिलांकडून आले की 'ज', पोराने उडवले की 'ना'. हॉस्टेलच्या मेसचा कारभार कादंबरीचा नायक पांडुरंग अंगावर घेतो आणि त्यात त्याला जो भुर्दंड बसतो, त्या भागात तर समासात जागा उरली नाही. ३४ वर्षे बँकेत काढल्याची खोड, असे म्हणून तुम्ही ते हसण्यावारी नेले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तोच वाटला. ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा भालचंद्र नेमाडे जेमतेम २५ वर्षांचे होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही आपण पंचवीस वर्षांचा असल्याचे पहिल्याच पानावर सांगतो. तेव्हापासून या पुस्तकावर किती लिहिले गेले असेल याची गणती नाही. त्याचे तुटलेपण, त्याचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', त्याची टिंगल, परंपरा नाकारणे आणि पुन्हा तिच्यापाशी येणे, या सगळ्यावर विद्यापीठात प्रबंध झाले आहेत. पण खेड्यातल्या एका कर्त्या शेतकऱ्याने पुण्यास शिकायला ठेवलेल्या मुलावर केलेला खर्च आणि त्याची झालेली वासलात, हा हिशेब पेन्सिलीने मांडत कोणी वाचत गेले असेल, असे निदान माझ्या ऐकिवात नाही. बाप आणि मुलगा यांच्यातले सारे ताण या कादंबरीत पैशाच्या वाटेनेच तर येतात! तुमचा हात तिथे आपोआप गेला आणि तुम्ही विचारता, माझ्यात कुवत आहे का?

तुमचा राग त्या हिशेबातून आलेला आहे. तो राग पांडुरंगावर आहे की लेखकावर, हे मात्र एकदा निवांत बसून ठरवा. कंटाळ्याची गोष्ट वेगळी. गोष्ट सांगणारा जेव्हा स्वतःच कंटाळलेला असतो आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'वगैरे' लावून ती झटकून टाकतो, तेव्हा ऐकणाऱ्यालाही जांभई येणारच. लेखकाला ती जांभई अपेक्षित होती, असे मला वाटते. म्हणून तुम्ही ती माफ केली पाहिजे असे नाही. 'मला कंटाळा आला, आणि तो अमुक भागात आला' हे विधान पुरेसे प्रामाणिक आणि पुरेसे उपयोगी आहे. लेखकाला पुढे ज्ञानपीठ मिळाले म्हणून आपल्या कंटाळ्याने उठून उभे राहावे, असा काही दंडक नाही. तरीही एक विनंती करतो. तुम्ही थांबला आहात त्याच्या पुढे पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. ६० वर्षांहून जुन्या कादंबरीतले रहस्य फोडल्याबद्दल मला कोणी बोल लावणार नाही, अशी आशा आहे. तिथे त्या टिंगलखोर आवाजाचे काय होते, ते तेवढे वाचा. त्यानंतर पुस्तक मिटलेत तरी चालेल, पण आधी मिटू नका, कारण तोवर तुमचे खाते अपुरे आहे.

पुस्तकाने कंटाळा आणला आणि चित्रपटाने रडवले, यावरून आपल्याला पुस्तके झेपत नाहीत असाही एक निष्कर्ष तुम्ही काढला आहे. तो घाईचा आहे. पुस्तक आपल्या गतीने चालते. रात्री जेवणानंतर वीस पाने वाचायची, डोळे मिटू लागले की खूण घालून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पांडुरंगशी मनातल्या मनात भांडायचे. या रीतीने वाचताना तक्रारी साचत जातात, कारण त्यांना साचायला वेळ मिळतो. चित्रपट तो वेळ देत नाही. तो आपल्याला दोन-अडीच तास ओढून नेतो आणि हरकती सुचतात त्या घरी परतताना, रिक्षात. शिवाय पांडुरंगचा चेहरा तुम्हालाच बनवायचा होता. सुलभाला स्मिता पाटील यांचा चेहरा आयता मिळाला होता. टीव्हीवर पाहताना तर तिसरीच गंमत होते. तुम्ही लिहिता की सुलभा रजेवर घरी येते आणि तिची लहान मुलगी काकूकडे पूर्ण रुळलेली दिसते, नेमक्या त्याच जागी तुमच्या मुलीचा फोन वाजला, तिने चित्रपट थांबवला आणि ती गॅलरीत जाऊन बोलत राहिली. तुमच्यासमोर पडद्यावर ती काकू आणि ती पोर तशीच सात-आठ मिनिटे थांबून होती. थिएटरमध्ये ते दृश्य क्षणात निघून गेले असते. तुमचे रडू तिथे सुरू झाले, यात मला नवल वाटत नाही.

इथे ती खोडलेली ओळ येते. "१९९४ साली प्रमोशनवर लातूरला गेले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, तिला दोन वर्षे जाऊबाईंनी सांभाळले, त्यांना मूलबाळ नव्हते." एवढीच ओळ आहे. विषयाला सोडून आहे असे वाटून तुम्ही ती खोडली असावी. खरे तर ती खोडल्यामुळेच तुमचा प्रश्न तुम्हाला कोड्यासारखा वाटू लागला.

आता पुन्हा 'उंबरठा'कडे पाहा. सुलभा सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते आणि मुलीला मायाच्या, म्हणजे आपल्या निपुत्रिक जावेच्या, ओटीत घालून जाते. शेवटी तिला नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध कळतात आणि ती घर सोडते. १९८२ साली तुम्ही २१ वर्षांच्या होतात, तुमच्यापुढे उंबरठा होता आणि तो ओलांडणारी बाई तुम्हाला दिसली. त्या टाळ्या खऱ्याच होत्या. आज तुम्ही तो ओलांडून, दोन वर्षे बाहेर राहून, परत येऊन, मुलीला वाढवून, निवृत्तही होऊन बसला आहात. स्वाभाविकच तुमची नजर दारातून जाणाऱ्या बाईवरून निघून दाराच्या आत उभ्या असलेल्या बाईकडे गेली. लातूरहून परत येऊन तुम्ही मुलीला आपल्याकडे घेतलेत, तेव्हा जाऊबाईंच्या घरात संध्याकाळी सहा वाजता काय उरले असेल, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. पण तुम्ही रडलात ते त्यासाठी, असा माझा अंदाज आहे. चुकला असल्यास तसे कळवा. याला मागे जाणे म्हणत नाहीत. एका बाईने बाहेर पडायचे ठरवले की तिचे घरातले काम कोणीतरी उचलते आणि बहुधा ती दुसरी बाईच असते, ही गोष्ट तुम्हाला ४० वर्षांनी त्याच चित्रपटात दिसली. ती तेव्हाही तिथे होतीच.

पण इथेच मला तुम्हाला थोडे बोलायचे आहे. 'मला जावेसाठी रडू आले' ही तुमची प्रतिक्रिया झाली. 'सुलभा स्वार्थी आहे' हा निकाल झाला. पहिल्या वाक्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही, दुसऱ्याला पुरावा लागतो आणि तो तुम्ही दिलेला नाही. तुमच्या चार पानांत सुधारगृहातल्या बायकांविषयी एक अक्षरही नाही. चित्रपटाचा केवढा तरी भाग त्या आवारात घडतो. तिथल्या कोंडलेल्या बायका, संस्थेच्या चालकांची ढोंगे, सुलभाची तिथे होणारी दमछाक, हे सारे तुमच्या नजरेसमोरून गेले आणि तुम्ही वाट पाहत राहिलात ती घर पुन्हा कधी दिसते त्याची. १००० वर्षांपूर्वीच्या काश्मीरमधल्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतल्या एकाचे नाव 'निजसुखादिविवशीभाव' असे आहे. म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या इतका आधीन झालेला असणे, की समोर चाललेल्या गोष्टीत त्याचे चित्त ठरत नाही. मला हा आचार्य जरा कडक वाटतो, कारण आपले सुखदुःख अंगणात काढून ठेवून मग नाट्यगृहात शिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही आणि तुमच्या जमा-नावेच्या खुणा तर त्या निजसुखादिकांतूनच आल्या. तरी त्याचे म्हणणे अगदी सोडून देण्यासारखेही नाही. 'कोसला'त तुमच्या आयुष्याने तुम्हाला पुस्तकातली एक वस्तू दाखवली. 'उंबरठा'त त्याच आयुष्याने अर्धा चित्रपट झाकून टाकला.

माझीही एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा उपदेश एकतर्फी वाटणार नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी एकदा प्रभातचा 'कुंकू' पाहिला. १९३७ सालचा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केला आणि त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घड्याळाची टिकटिक, दारांचे, भांड्यांचे आवाज, एवढ्यावरच तो चालतो. म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला नकार देते, ही त्यातली गोष्ट. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिशीत होतो आणि मला नीरेशिवाय कोणी दिसले नव्हते. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझे वय त्या काकासाहेबांच्या जवळ पोचले होते आणि सगळा वेळ मी त्या घड्याळाचे ऐकत बसलो. बाहेर आल्यावर बरोबरच्या तरुण मित्राला मी सांगू लागलो की हा चित्रपट वार्धक्याविषयी आहे. तो शांतपणे म्हणाला, "आणि नीराचं काय?" मला उत्तर देता आले नाही. आम्ही कर्वे रस्त्यापर्यंत चालत आलो आणि तोवर मी दुसऱ्याच कशाविषयी बोलत होतो.

तुम्हाला आणखी एक पुस्तक सुचवतो, भिशीसाठी म्हणून नव्हे. 'उंबरठा' हा शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून केलेला आहे आणि पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. दुकानात मिळाली नाही तर लक्ष्मी रस्त्यावरच्या नगर वाचन मंदिरात विचारून पाहा. १८४८ सालची ती संस्था आहे, अशा जुन्या पुस्तकांची चौकशी तिथे करून पाहावी. वाचण्याआधी नुसती दोन नावे शेजारी ठेवून पाहा. बाई एकच आहे, पण एक नाव तिच्याजवळ काय उरले नाही ते सांगते आणि दुसरे ती कशावर पाय ठेवून उभी आहे ते. जब्बार पटेल यांनी नाव बदलले तेव्हा प्रेक्षकाला उभे राहण्याची जागाही बदलून दिली, असे मला नेहमी वाटत आले आहे. उंबरठ्याला आतली बाजू असते, बाहेरचीही असते. तुम्ही २१ व्या वर्षी एका बाजूने पाहिलेत, आता दुसऱ्या बाजूने.

मुलीच्या वाक्याविषयी. 'तू किती मागे गेलीस गं' हे तिने चित्रपटाविषयी म्हटले असे तुम्ही धरून चालला आहात. ३७ वर्षांची ही मुलगी म्हणजेच ती सहा वर्षांची पोर, हे विसरू नका. मायासाठी आईच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून तिच्या मनात काय आले असेल, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित तिला तुमच्या लातूरच्या दोन वर्षांचा अभिमान असेल आणि त्या वर्षांची तुम्हाला आता लाज वाटते की काय, अशी धास्ती तिला वाटली असेल. कदाचित काहीही वाटले नसेल आणि फोनवरच्या बोलण्याचा राग तिने तुमच्यावर काढला असेल, तसेही होते. पण शनिवारच्या आत तिला ती खोडलेली ओळ वाचून दाखवा. तिला काकूविषयी काय आठवते ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. चित्रपटावर तुमचे एकमत होण्याची मला चिंता नाही, ते नाही झाले तरी चालेल.

भिशीत लातूर आणि जाऊबाई आणण्याची गरज नाही. प्रामाणिक प्रतिक्रिया म्हणजे घरातली कपाटे उघडून दाखवणे नव्हे. सात जणींपुढे एवढे म्हणा की १९८२ साली मी सुलभासाठी टाळ्या वाजवल्या, यंदा मायासाठी रडले, आणि या दोन्ही वेळा सुधारगृहातल्या बायका माझ्याकडून राहून गेल्या. तुमच्यापैकी कोणाला त्या आठवतात का? त्यानंतर दहा मिनिटे कशी जातील ते तुम्हाला कळणारही नाही. तुमच्या भिशीत मराठीच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि त्या बोलल्या की बाकीच्यांचे मत ठरते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना शेवटी बोलू द्या. यजमानीण म्हणून चहा त्यांच्याकडे आधी द्यायचा आणि पाळी शेवटी, एवढे केले की पुरे. आणि दोन्ही कलाकृतींवर तुम्हाला काय वाटले ते शनिवारपूर्वी अर्धा कागदभर लिहून काढा, इतरांनी काय लिहिले आहे ते वाचण्याआधी. नंतर लिहिले की आपले कुठले आणि त्यांचे कुठले हे वेगळे काढता येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

'कोसला'विषयी बोलताना सुरुवात गेल्या महिन्याच्या त्या वाक्यापासून करा. 'मी तेव्हा वेळ मारून नेली' असे हसत सांगितले की दोघी-तिघींना तरी हायसे वाटेल, कारण त्यांनीही ते पुस्तक निम्म्यावरच ठेवलेले असणार. मग मेसचा हिशेब मांडा. किती 'ज' झाले, किती 'ना' झाले, आणि मनी गेल्यानंतर समासात खुणा करण्याचे तुमच्या हातून चालू राहिले की थांबले, हेही सांगा. मलाही ते जाणून घ्यायचे आहे.

एक राहिले. प्रत तुमची नसून ग्रंथालयाची आहे, असे पत्रात म्हटले आहे. परत करण्यापूर्वी त्या सगळ्या खुणा खोडरबराने पुसून टाका. त्याआधी वहीत उतरवून घ्या.